अलीकडे पाहिलेले सिनेमे आणि एका स्टेनोचे गुण

मी नाशिकला राहते, कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर माणसं बोलतात आणि मी ते उतरवून घेते. त्यामुळे सिनेमा पाहतानाही माझा जीव दोन गोष्टींत अडकतो: माणसं खरी बोलतायत का, आणि पडद्यावर जो जे काम करतोय ते त्याच्या हाताला आहे का. शेतकरी दाखवला तर त्याच्या बोटांना कापसाची ओळख हवी. वकील दाखवला तर त्याला फाइल कुठे उघडायची ते कळायला हवं. गाणी, कमाई, कोण कुणाचा मुलगा, हे सगळं नंतर. गेल्या काही महिन्यांत जे पाहिलं त्याला याच हिशेबाने पाचपैकी गुण देते. यातले काही नवे आहेत, काही मुद्दाम पुन्हा पाहिलेले.

स्थळ: साडेचार

जयंत सोमलकर यांचा हा सिनेमा 2023 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला आशियाई सिनेमांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे थिएटरात यायला मार्च 2025 उजाडला. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, दिग्दर्शकाचं स्वतःचं. कामं करणारी माणसंही तिथलीच आणि आसपासची. सविता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि घरच्यांना तिचं लग्न उरकायचं आहे.

सिनेमात एकच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. पाहुणे येतात, पाय धुतात, बैठकीत बसतात. सगळे पुरुष. सविता साडी नेसून येते, पाटावर बसते आणि प्रश्न सुरू होतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद काय. ती मान खाली घालून उत्तरं देते. मग पाहुणे जातात आणि निरोपाची वाट बघायची. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मला राहून राहून वाटत होतं, पिंजऱ्यात उभ्या असलेल्या साक्षीदाराला निदान ‘प्रश्न समजला नाही’ असं म्हणायची मुभा असते. या पोरीला तीही नाही. आणि दिग्दर्शकाने कुठेही रडारड केलेली नाही, कॅमेरा फक्त समोर ठेवला आहे. सुरुवातीलाच हा सगळा प्रसंग उलटा करून दाखवलाय, बायका बसल्यात आणि मुलगा पाटावर आलाय. थिएटरात आधी सगळे हसले. सविताची पाळी आली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

नंदिनी चिकटे या मुलीने सविता केली आहे. ती अभिनय करते असं एकदाही वाटत नाही. बोलीला पुण्या-मुंबईच्या कानांसाठी इस्त्री मारलेली नाही, याबद्दल तर मी दिग्दर्शकाचे आभार मानते. वडिलांचा कापूस घरात पडून आहे, भाव येत नाही, आणि मुलीचं लग्नही त्याच भावावर अडलेलं. हे दोन धागे कुणी भाषण न देता एकमेकांत गुंतले आहेत. अर्धा गुण कापला तो प्राध्यापकाच्या उपकथेसाठी. वर्गात स्त्री-सक्षमीकरण शिकवणारा माणूस पुढे काय करणार हे फार आधी कळतं. बाकी ज्यांच्या घरी सध्या लग्नाची बोलणी चालू आहेत त्यांनी आधी हा बघावा, मुलाकडच्यांनी तर नक्कीच.

कोर्ट: पाच

हा मी पुन्हा पाहिला, आणि पूर्ण गुण देताना हात जराही अडखळला नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला चित्रपट. 2014 मध्ये व्हेनिसला गाजला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी भारताकडून ऑस्करला गेला. नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला चालतो. आरोप असा की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी कांबळे केला आहे. ते स्वतः चळवळीतले माणूस. 2021 मध्ये कोरोनाने गेले. पडद्यावर ते फार थोडं बोलतात, पण गाणं म्हणायला उभे राहिले की संभाजी भगत यांचे शब्द त्यांच्या गळ्यातून आल्यासारखे वाटतात.

आपल्या सिनेमात कोर्ट म्हणजे टेबलावर मूठ आपटणं, ‘ऑर्डर ऑर्डर’, आणि शेवटच्या क्षणी धावत येणारा साक्षीदार. इथे त्यातलं काही नाही. इथे तारीख पडते. वकील हजर नाही, तारीख. साक्षीदार आजारी, तारीख. कागद आलेला नाही, तारीख. मुख्य खटल्याच्या आधी दुसऱ्याच कुणाची तरी बारीकशी केस चालू असते आणि आपली माणसं मागच्या बाकावर बसून असतात. सरकारी वकीलबाई जुन्या कायद्यातला लांबच लांब उतारा श्वास न घेता वाचून काढतात. गीतांजली कुलकर्णी यांनी हे वाचन असं केलंय की त्या रोज वाचतात यावर विश्वास बसतो. मी रोज ऐकते, म्हणून खात्रीने सांगते.

पण माझ्या दृष्टीने या सिनेमाचं मर्म आहे ते नोंद घेण्यात. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो. न्यायाधीश ते ऐकतात, आपल्या मनाशी जुळवतात, आणि नोंदीसाठी इंग्रजीतून सांगतात. बाजूला बसलेला माणूस टाइप करतो. आमच्याकडे मराठीत चालतं, पण रीत तीच. उलटतपासात वकील विचारतो, साक्षीदार अर्धं बोलतो, थांबतो, पदराने तोंड पुसतो, ‘आता काय सांगू’ म्हणतो. आणि कागदावर उतरतं: ‘हे म्हणणे खरे नाही की...’. ते थांबणं कागदावर येत नाही. त्यासाठी चिन्हच नाही. यात कुणाचा दोष नाही, नोंद अशीच घ्यावी लागते, नाहीतर एका साक्षीला आठवडा जाईल. पण त्या फटीत माणसाचं काय काय सांडतं, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही.

मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष बघा. गटारात उतरण्याआधी हवा आहे की नाही हे नवरा कसं ओळखायचा, ते ती सांगते. झुरळ बाहेर आलं की आत हवा आहे. आवाज चढत नाही, डोळे भरत नाहीत. रेशन दुकानातली अडचण सांगावी तशा सुरात ती हे सांगते. पुढे आरोपीचा वकील तिला गाडीतून सोडायला जातो, पैसे देऊ करतो. ती नको म्हणते, काही काम असेल तर बघा म्हणते. विवेक गोम्बर यांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा आहे.

न्यायाधीश, वकील, सरकारी वकील यांची घरंही सिनेमा दाखवतो. सरकारी वकीलबाई लोकलमधून जाताना ऑलिव्ह तेलाची चर्चा करतात, घरच्यांबरोबर नाटकाला जातात. खलनायक कुणीच नाही. म्हणून तर त्रास होतो. ज्यांना संथ वाटेल त्यांनी एकदा कुठल्याही कोर्टात सकाळच्या पुकाऱ्यापासून बसून बघावं. त्यापेक्षा सिनेमा पुष्कळ वेगवान आहे.

द डिसायपल: चार

ताम्हाणे यांचाच दुसरा चित्रपट, 2020 चा, नेटफ्लिक्सवर आहे. शरद नेरुळकर शास्त्रीय गाणं शिकतो, जीव ओतून शिकतो, आणि तरी त्याचं गाणं ‘चांगलं’ याच्या पुढे जात नाही. आदित्य मोडक हे स्वतः गाणारे आहेत, गुरुजी झालेले अरुण द्रविड तर जयपूर-अत्रौली घराण्याचे. त्यामुळे तंबोरा जुळवण्यापासून मैफलीत गुरुजींच्या मागे बसून साथ देण्यापर्यंत कुठेही खोट नाही. रात्री रिकाम्या रस्त्यावरून शरद मोटारसायकलवर जातो आणि कानात गुरुजींच्या गुरू माईंची जुनी व्याख्यानं चालू असतात. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. किती शांतपणे किती कठोर बोलता येतं, ते ऐकावं. शरद पोटासाठी जुन्या ध्वनिमुद्रणांचं डिजिटल रूपांतर करणाऱ्या ठिकाणी काम करतो. दिवसभर थोरांचं गाणं कानावर आणि रात्री आपलं. ही कल्पनाच मला हलवून गेली. उत्तरार्धात काळाच्या उड्या जरा तुटक वाटतात, म्हणून एक गुण कमी.

ऑल वी इमॅजिन ॲज लाइट: साडेचार

पायल कपाडिया यांच्या या सिनेमाला 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्राँ प्री हा पुरस्कार मिळाला. भाषा मुख्यतः मल्याळम आणि हिंदी, पण मुंबई आणि रत्नागिरीकडचा भाग असल्यामुळे मराठी माणसाला परका वाटत नाही. माझी धाकटी जाऊ सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, तिला घेऊन पाहिला. सिनेमातली नर्स प्रभा शिकाऊ मुलींना बाळंतपणानंतर पडणारी वार दाखवते आणि त्या तोंडं वाकडी करतात, त्या प्रसंगाला जाऊबाई मोठ्याने म्हणाल्या, ‘अगदी अश्शीच करतात गं पहिल्या वर्षाला.’ माझ्या लेखी हे कानच्या पुरस्काराच्या तोडीचं प्रशस्तिपत्रक आहे. जर्मनीतल्या नवऱ्याकडून म्हणून राइस कुकर येतो, सोबत चिठ्ठी नाही, फोन नाही, आणि कनी कुश्रुती यांची प्रभा त्या कुकरला जवळ घेऊन बसते. तो प्रसंग चुकवू नका.

छाया कदम यांची पार्वती दवाखान्यात स्वयंपाक करते. गिरणगावातल्या तिच्या खोलीवर बिल्डरचा डोळा आहे आणि नवऱ्याने मागे एकही कागद ठेवलेला नाही. कागद नसला की आयुष्यभर राहिलेला माणूस तिथे राहतच नव्हता असं होतं. हे मी कामाच्या जागी इतकं पाहिलंय की पार्वती बॅग भरायला लागली तेव्हा मला गप्प बसवेना. छायाताईंनी तिला बिचारी होऊ दिलेलं नाही, ती रागावते, हसते, बिल्डरच्या फलकावर दगड मारते. कोकणात गेल्यावर सिनेमा थोडा स्वप्नाकडे सरकतो. जाऊबाईंना ते आवडलं, मला कमी.

साबर बोंडं: चार

रोहन कानवडे यांचा. सनडान्स महोत्सवात 2025 मध्ये परदेशी कथापटांच्या विभागात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला, तोही मराठी सिनेमाला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद गावी येतो, दहा दिवसांच्या सुतकात अडकतो, आणि बालपणीच्या बाळ्याशी पुन्हा जवळीक होते. दोन पुरुषांचं प्रेम आहे, पण आरडाओरडा नाही, पार्श्वसंगीतसुद्धा नाही. भावकी ‘लग्न कधी’ विचारते, आणि आई सगळं जाणून असते. जयश्री जगताप यांनी ती आई इतकी समजून केली आहे की आपल्याकडच्या सिनेमातल्या रडव्या आया आठवून वाईट वाटलं. शेळ्या हाकणं, झाडाखालचं बसणं, काटे काढून दिलेलं साबरीचं फळ, सगळं निवांत घडतं. सुतकात घरात चालणारी कुजबुज तर हुबेहूब. घरातल्या मोठ्यांना घेऊन बघायला अवघड वाटेल कुणाला. माझ्या मते घेऊनच बघा.

गोदावरी: साडेतीन

आमच्या गावचा सिनेमा, म्हणून जास्त कडक तपासला. निखिल महाजन यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो यासाठी. जितेंद्र जोशीचा निशिकांत भाडी गोळा करत घाटावरून फिरतो, आणि त्याची ती चिडचिडी चाल मला ओळखीची वाटली. विक्रम गोखले आजोबा आहेत, सिनेमा नोव्हेंबर 2022 मध्ये लागला आणि त्याच महिन्यात ते गेले. नदी फार देखणी टिपली आहे, घाण न लपवता. पण नाशिककर पावसाळ्यात पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं यावर पूर मोजतो, आम्ही नदीविषयी फार रोखठोक बोलतो. इथे माणसं नदीविषयी जरा जास्तच सुविचार बोलतात. ते कमी असते तर चार दिले असते.

दशावतार: तीन

दिलीप प्रभावळकर, वय ऐंशीच्या पुढे, आणि बाबुली मेस्त्रीच्या भूमिकेत काय उभे राहिलेत! दृष्टी अधू होत चाललेला दशावतारी कलावंत रंग लावायला बसतो, तिथे डोळ्यांचं काम बोटं करतात. तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल. पूर्वार्धातला बापलेकाचा जिव्हाळाही छान. मग सूडकथा सुरू होते, आवाज वाढतो, खलनायक खलनायकासारखे हसायला लागतात आणि कलावंताचं काम मागे पडतं. कोकणातल्या खाणींचा प्रश्न इतका खरा असताना त्याला एवढ्या ढोलताशांची गरज नव्हती.

वाळवी: साडेतीन

परेश मोकाशींचा 2023 चा. इथे माझी कसोटी लावण्यात अर्थ नाही, कारण सगळी मजा कथेच्या वळणांत आहे. गोष्ट न ऐकता बघा, फोन बाजूला ठेवून बघा, आणि ज्याने आधी पाहिलाय त्याला शेजारी बसवू नका.