सर्वेक्षण एजन्सीकडून की आपल्याच कार्यकर्त्यांकडून?

देणगीदाराला अहवाल हवा असला की विदर्भातल्या छोट्या संस्था पुण्या-मुंबईची एजन्सी नेमतात. काम लवकर उरकतं, तक्ते देखणे येतात. मात्र कच्च्या नोंदी एजन्सीसोबतच निघून जातात.

आपल्या कार्यकर्त्या ताईंना सर्वेक्षण शिकवायला वेळ लागतो. पण बघा, "घरात कोणी आजारी आहे का?" विचारलं की "नाही" येतं, "कापूस वेचून कंबर धरते का?" म्हटलं की बाई ओसरीवर बसवून सगळं सांगते. असा प्रश्न गावातलीच बाई घडवू शकते. गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्यसंस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन, ताप, श्वास मोजून नोंदवायला शिकवलं. 39 गावांतल्या त्या कामाचा अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावात तर गावकऱ्यांनीच अभ्यास गट चालवले.

एक धोका खरा आहे: आपलं काम आपणच मोजलं की आकडे गोड होतात. म्हणून दहातली एक नोंद दुसऱ्या तालुक्यातल्या कार्यकर्तीने घरी जाऊन पुन्हा तपासावी. नमुना निवडायला, विश्लेषणाला विद्यापीठाची मदत जरूर घ्या. पण पैसा एकाच ठिकाणी पुरणार असेल, तर तो ताईंच्या प्रशिक्षणावरच लावा.