ग्वांगझूत दोन दिवस: खायचं कुठे? शीगुआन, तियानहे की शुंडे?

चीनमधल्या ग्वांगझूला जाणारा मराठी माणूस बहुतेक वेळा पर्यटक नसतोच. 1957 पासून वसंतात आणि शरदात भरणाऱ्या कँटन फेअर या व्यापार प्रदर्शनाला तो आलेला असतो (कँटन हे ग्वांगझूचंच जुनं नाव). दिवसभर पाझो भागातल्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पायाचे तुकडे पडेपर्यंत फिरायचं, मग हाताशी उरतात दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी. एवढ्या वेळात सगळंच गाठायला गेलात तर एक ना धड, भाराभर चिंध्या. निवड तिघांतून करायची: जुनं शीगुआन, नवं तियानहे, नाहीतर शेजारच्या फोशानमधलं शुंडे.

माझं मत आधीच सांगतो: शीगुआन, आणि तेही सकाळी.

शीगुआन म्हणजे लिवान भागातली जुनी व्यापारी पेठ. 1880 चं ताओ ताओ जू हे चहागृह आणि 1935 चं ग्वांगझू रेस्टॉरंट, दोन्ही इथे चालत जाण्याच्या अंतरावर. पाझोहून मेट्रोची 8 नंबरची लाइन थेट या भागात आणून सोडते. इथली सकाळ म्हणजे 'याम चा'. शब्दशः चहा पिणं, पण खरं काम खाण्याचं. आधी चहा कोणता ते ठरवायचं. चहाचे पैसे माणशी वेगळे लागतात, त्यावरून हुज्जत घालू नका. पहिल्या गरम चहाने वाट्या-चॉपस्टिक विसळायची इथे रीत आहे. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, कुणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टकटक करायची. तेच त्यांचं 'थँक्यू'. हार गाऊ म्हणजे कोळंबीचं पारदर्शक आवरणाचं डंपलिंग. ते चांगलं जमलंय का यावरून मी त्या स्वयंपाकघराची पारख करतो. आवरण चॉपस्टिकला चिकटून फाटलं तर पुढची ऑर्डर आवरती घ्यायची.

बाहेर गल्लीत चेउंग फन खा. तांदळाचं पातळ पीठ ट्रेमध्ये ओततात, वर अंडं फोडतात, ट्रे वाफेच्या खणात सरकवतात. थोड्याच वेळात ते पत्र्याच्या पट्टीने खरवडून गुंडाळतात आणि वर गोडसर सोया सॉस. आपलं घावन तव्याऐवजी वाफेवर केलं तर जसं होईल, तसं काहीसं. मग दिशीफू रस्त्यावरच्या नानशिनमध्ये दोन सायींचं दूध. म्हशीचं गरम दूध वाटीत ओतून साय धरू देतात. कडेला भोक पाडून खालचं दूध काढून घेतात, त्यात अंड्याचा पांढरा भाग आणि साखर घालून परत त्याच वाटीत ओततात. तळाची साय तरंगत वर येते, मग वाफवताना दुसरी धरते. खरवसावर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तियानहे म्हणजे काचेचे टॉवर आणि मॉल. चविष्ट खाणं इथेही आहेच, जुन्या नावांच्या शाखासुद्धा आहेत. फोटोवाला मेन्यू, एसी, टोकन घेऊन रांग. दमलेल्या संध्याकाळी, चार जणांना चार तऱ्हा हव्या असतील तर इथेच जा. मातीच्या भांड्यात टेबलापर्यंत चरचरत येणारं 'जे जे पो' आणि भाजलेलं बदक मागवा. सकाळचा याम चा मात्र इथे घेऊ नका. पदार्थ तोच असतो, पण शेजारी पेपर उलगडून तासभर एका किटलीवर बसलेले आजोबा नसतात. पैशांसाठी अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपला कार्ड भारतातूनच जोडून न्या. ते दोन्हीकडे लागतं.

शुंडेला युनेस्कोने 2014 मध्ये खाद्यनगरीचा मान दिला, आणि कँटनी लोक उत्तम आचारी तिथलेच मानतात. सायीच्या त्या दुधाचं माहेरही तेच. मेट्रोची 7 नंबरची लाइन तिथवर जाते, पण जाऊन-येऊन अर्धा दिवस संपतो. तिसरा दिवस हातात असेल तरच जा. तिथलं प्रसिद्ध कच्चं मासे-काप मी खाणार नाही, तुम्हीही खाऊ नका: गोड्या पाण्याच्या कच्च्या माशातून यकृताचे कृमी होतात.

आता शाकाहारींचं. माझ्या सोबत्याने एका साध्या हॉटेलात 'फक्त भाजी' सांगून मागवलं, आणि हिरव्या पालेभाजीवर वाळवलेल्या कोळंबीची फोडणी आली. 'मांस नको' म्हणणं पुरत नाही. ऑयस्टर सॉस, चिकनचं पाणी, डुकराची चरबी ही नावं एकेक करून चिनीत लिहून फोनवर ठेवा. मुळ्याच्या वडीतही बहुधा सॉसेजचे तुकडे असतात. शुद्ध शाकाहारी असाल तर शीगुआनचा हट्ट सोडा आणि बेइजिंग लू या रस्त्याच्या भागातल्या दाफो या बौद्ध मंदिराजवळ बौद्ध जेवण घ्या. तिथे कांदा-लसूणही नसतो. सायीचं दूध मात्र अंडं चालत असेल तरच.