नाशिकला फॅमिलीसोबत राहायचं तर सीबीएस (सेंट्रल बस स्टँड) की पंचवटी?

दोन्हीकडे राहून झालंय, म्हणून सांगते. सीबीएस-शालीमारच्या बाजूला रूम घेतली की त्र्यंबकची एसटी जवळच मिळते, साधारण 28-30 किमी, आणि संध्याकाळी मेन रोड, सराफ बाजार चालत होतो. पण रस्त्याकडची खिडकी अजिबात घेऊ नका, पहाटेपासून हॉर्न चालू, आमचा छोटा साडेपाचला उठून बसला आणि मग काय, सगळेच उठले.

पंचवटीत रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा सगळं पायी, त्यामुळे सासूबाई भलत्याच खूश, पहाटे त्या एकट्याच गोदेवर जाऊन यायच्या. रूम्स मात्र लहान, गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा मिळेलच असं नाही, आणि लिफ्ट आहे म्हणून सांगितलेल्या एका ठिकाणी ती बंद निघाली, तीन जिने चढून आईंचे गुडघे गेले ना राव! त्यामुळे आधी फोन करून आजच लिफ्ट चालू आहे का ते विचारायचं, आणि एक्स्ट्रा गादीचे किती तेही, कारण स्वस्त रूमचा हिशोब तिथेच फुगतो. जीएसटी 5% धरा.

ट्रेनने येणार असाल तर नाशिक रोड स्टेशन दोन्हीपासून लांबच, 9-10 किमी, रिक्षावाल्याशी भाव आधीच ठरवा.

वयस्कर माणसं सोबत असतील तर मी पंचवटीच घेईन, पण तळमजल्याची रूम मिळाली तरच. नुसती पोरं असतील तर सीबीएस, मागच्या बाजूची रूम.