स्टाफमधून युनिव्हर्सिटीच्या बोर्डावर गेलेल्यांसाठीचं एक दिवसाचं ट्रेनिंग : तीन स्टार, त्यातला एक दुपारच्या सेशनचा

कोर्सचं नाव आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे जग फार छोटं आहे आणि मला अजून तीन वर्षं ह्याच लोकांच्या तोंडाकडे बघायचंय. पण कोणी मराठी माणूस इकडे स्कॉटलंडमधल्या युनिव्हर्सिटीत नोकरीला असेल आणि त्याला "बोर्डासाठी उभा राहा की" म्हणून युनियनवाले मागे लागले असतील तर त्याच्यासाठी हे लिहितेय.

मी स्कॉटलंडमधल्या एका युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री लॅबमध्ये टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली, मूळची सांगलीकडची. ह्या वर्षी सपोर्ट स्टाफच्या युनियनने मला कोर्टावर पाठवलं. कोर्ट म्हणजे कचेरी नव्हे हो, इथे बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये सगळ्यात वरच्या मंडळाला कोर्ट म्हणतात, आपल्याकडची व्यवस्थापन परिषद समजा. आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरलीच, "कोर्टात कशाला गं, कोणाशी भांडलीस?" म्हणाली.

तर हे ट्रेनिंग एडिंबरामध्ये होतं, फी युनिव्हर्सिटीने भरली. ग्लासगोहून सकाळची ट्रेन, हेमार्केटला उतरून चालत दहा मिनिटं, पाऊस अर्थातच. हॉल चांगला, हीटिंग व्यवस्थित, चहा गरम. जेवणाचं मात्र आधीच सांगून ठेवते, व्हेजच्या ताटलीत अंड्याचं सॅन्डविच असतं कारण इथे अंडं व्हेजमध्येच धरतात, तेव्हा न खाणाऱ्यांनी डबा न्यावा. मी मेथीची भाजी पोळीत गुंडाळून नेली होती, शेजारच्या बाईंनी अर्धी मागून खाल्ली.

सकाळचं सेशन कायद्याचं. हे खरंच नीट शिकवलं, ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी तर एकदम बेस्ट. इथे २०१६ साली युनिव्हर्सिट्यांच्या कारभाराचा एक कायदा झाला, त्याच्या आधी २०१२ मध्ये त्याच विषयावर प्रा. फॉन प्रॉन्डझिन्स्की ह्यांच्या समितीचा अहवाल आला होता, त्यातून पुढे हे सगळं आलं. कायद्याने आता स्कॉटलंडच्या युनिव्हर्सिटीच्या बोर्डावर सगळ्या स्टाफने मिळून निवडलेले २ जण असतात, शिवाय शिक्षकांच्या युनियनचा १, सपोर्ट स्टाफच्या युनियनचा १, आणि विद्यार्थ्यांचे २. युनिव्हर्सिट्यांना हे सगळं बसवायला २०२० च्या डिसेंबरपर्यंत मुदत होती. म्हणजे चार खुर्च्या स्टाफच्या, आणि त्यातली एक सफाईवाले, पोर्टर, टेक्निशियन, ऑफिसातले क्लार्क ह्यांच्या युनियनची, कोणाच्या मेहेरबानीवर नाही. शेजारी इंग्लंडमध्ये युनियनला कायद्याने अशी खुर्ची नाहीये.

हे ऐकताना मला बाबा आठवले. बाबा कॉलेजात हेडक्लार्क होते. अधिसभेची शिक्षक मतदारसंघाची निवडणूक असली की खोली साफ करून घेणं, पेटी, सील, यादी, येणाऱ्या-जाणाऱ्याचा चहा, सगळं बाबा बघायचे, आणि त्या मतदानात त्यांना स्वतःला मत नसायचं, ते शिक्षकांचं मतदान. संध्याकाळी पेटी रवाना करून घरी आले की म्हणायचे, "झालं बाई लग्न, आम्ही वाढपी." असो.

आता तक्रार. ट्रेनर बाई अनुभवी, बोलायला गोड, पण सकाळभर एकच पालुपद. तुम्ही इथे प्रतिनिधी नाही, तुम्ही विश्वस्त आहात. मी पंधरापर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. मुद्दा चुकीचा नाही हं, युनिव्हर्सिटी इथे धर्मादाय संस्था असते आणि २००५ च्या कायद्याप्रमाणे बोर्डावरच्या प्रत्येकाने संस्थेचंच हित बघायचं असतं. त्या कायद्यातली एक ओळ तर मला फार आवडली, दुसऱ्याचा व्यवहार सांभाळणाऱ्या माणसाने जेवढी काळजी घ्यायची तेवढी घ्या. म्हणजे शेजारी गावाला गेले आणि किल्ली आपल्याकडे देऊन गेले तर आपण कसं वागतो, तसं. पण मग माझ्या मागच्या रांगेतला एक लायब्ररीतला पोरगा हात वर करून म्हणाला, की मी जर स्टाफचा प्रतिनिधी नसेन तर माझी निवडणूक कशाला घेतली? हॉलमध्ये खसखस पिकली. बाई म्हणाल्या, छान प्रश्न आहे, त्याच्याकडे आपण नंतर येऊ. नंतर म्हणजे कधी ते दिवसभरात कळलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की बाहेरून आलेला बँकवाला बोर्डावर बँकेच्या नजरेने बघतो, वकील वकिलाच्या नजरेने, त्यांना कोणी सांगत नाही की बाबांनो आपली नजर घरी ठेवून या. आम्हालाच का? मी लॅबमधून आलेय म्हणूनच तर मला माहितीये ना की फ्यूमहूडची (विषारी वाफा बाहेर ओढणारं लॅबमधलं कपाट) दुरुस्ती कधीपासून लांबणीवर टाकलीये. आणि दुसरी बाजू अशी की कॉरिडॉरमध्ये लोक अडवतात, काय झालं गं मीटिंगमध्ये, किती जणांना काढणार, आणि आपल्याला तोंड उघडता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ह्याच्यावर ट्रेनिंगमध्ये उत्तर काय, तर "शंका आली की बोर्डाच्या सेक्रेटरींना विचारा". अहो पण काय सांगता येतं तेही शिकवा की! मला नंतर आमच्याच एका जुन्या मेंबरने सांगितलं, अजेंडा आला की आधी विचारून घे कुठला कागद गोपनीय आणि कुठला उघडा, मग उघड्या कागदांवर डिपार्टमेंटमध्ये बिनधास्त बोल, आणि मिनिट्स, म्हणजे मीटिंगचं इतिवृत्त, वेबसाइटवर पडले की लिंक सगळ्यांना पाठव. दोन वाक्यांचं काम, पण पूर्ण सकाळच्या स्लाइड्समध्ये ते नव्हतं.

जेवणानंतर दुसरे ट्रेनर आले, आधी कुठल्यातरी युनिव्हर्सिटीच्या फायनान्समध्ये होते, आवाज एकदम मंद, मला वाटलं आता झोप लागणार. पण हेच सेशन खरं. त्यांनी डंडी युनिव्हर्सिटीचं प्रकरण घेतलं, सगळं जाहीर झालेलंच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं की ३ कोटी पौंडांच्या आसपास तूट आहे, डिसेंबरमध्ये प्रिन्सिपल (आपल्याकडचे कुलगुरू समजा) पद सोडून गेले, २०२५ च्या मार्चमध्ये ६३२ नोकऱ्या कमी करायचा प्रस्ताव आला, सरकारी फंडिंग कौन्सिलला कोट्यवधी पौंड ओतावे लागले. जूनमध्ये पामेला गिलीज ह्यांचा चौकशी अहवाल आला, त्यात वरच्या लोकांवर आणि बोर्डावर दोघांवरही ताशेरे, आणि त्यातलं महत्त्वाचं म्हणजे तिथे प्रश्न विचारणाऱ्याला नाउमेद करायचं वातावरण होतं. अहवाल आल्यावर बोर्डाच्या अध्यक्ष आणि हंगामी प्रिन्सिपल दोघेही गेले. हे सांगून सर म्हणाले, तूट बघू नका, रोकड बघा, पगार वाटायला हातात किती दिवसांचे पैसे आहेत तो आकडा कागदात कुठे लपलाय ते आधी शोधा. मग सरावासाठी एक खोटा ताळेबंद हातात दिला आणि वीस मिनिटं दिली. मला सापडला, पान ३१, खालून दुसरी ओळ, अक्षर एवढं बारीक की चष्मा वर करून बघावं लागलं.

शेवटी खोटी मीटिंग घ्यायला लावली. एकाला अध्यक्ष केलं, आणि विषय नववा, खर्चकपात, त्यात लॅबचं केमिकल स्टोअर बंद करून दोन पोस्ट कमी. मी उसळून म्हटलं की ही दोन माणसं वीस वर्षं तिथे आहेत. अध्यक्ष झालेला माणूस लगेच, हे दैनंदिन कामकाज आहे, बोर्डाचा विषय नाही, पुढे चला. संपलं! तेवढ्यात माझ्या बाजूला बसलेला एक पोर्टर, साठीचा असेल, सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला की स्टोअर बंद झाल्यावर घातक कचऱ्याची विल्हेवाट कोण लावणार आणि त्याचा खर्च ह्या बचतीतून वजा केलाय का. कागदात तो आकडाच नव्हता. अध्यक्ष गप्प, विषय पुढच्या मीटिंगला. तोच मुद्दा, तीच दोन माणसं, पण विचारायची पद्धत वेगळी. चहाच्या वेळी मी त्याला विचारलं हे कुठे शिकलास, तर म्हणाला तीस वर्षं बायकोकडून नव्या सायकलीचे पैसे मागतोय.

मला वाटतं कंपनीने त्या पोर्टरलाच ट्रेनर म्हणून घ्यावं आणि सकाळचा विश्वस्त-पुराणाचा भाग एका तासात उरकावा. जे शिक्षकांमधून निवडून येतात, म्हणजे प्रोफेसर वगैरे, त्यांना मीटिंगची सवय असते, त्यांना सकाळ कंटाळवाणी जाईल. आमच्यासारख्या, ज्यांना आयुष्यात कधी दोनशे पानांचा अजेंडा आला नाही, त्यांनी जरूर जावं. जाताना आपल्या युनिव्हर्सिटीचा शेवटचा वार्षिक हिशोब प्रिंट काढून न्या, दुपारच्या सरांना मधल्या सुट्टीत पकडा, ते प्रेमाने समजावून सांगतात, घाई करत नाहीत. आणि मॅनेजरला आधीच लेखी विचारून ठेवा की हा दिवस कामाचा धरणार ना, कारण माझी एक दिवसाची रजा कापली होती, ती परत मिळवायला तीन मेल करावे लागले.

सर्टिफिकेट पीडीएफमध्ये येतं. माझं आडनाव चुकलंय, दुरुस्तीला पाठवलंय, तीन आठवडे झाले.