आठ महिने बॅक्युला: चार रात्री बॅकअपविना, एका उणे चिन्हापायी

आमच्या छोट्या हिशेबाच्या ऑफिसात गेले आठ महिने मी जेंटूवर (सॉफ्टवेअर मूळ कोडपासून कंपाइल करून घेणारं लिनक्स) बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर चालवतोय. सगळे बॅकअप चालवणारा डायरेक्टर आणि पोस्टग्रेस डेटाबेस एका मशीनवर, बॅकअप डिस्कवर लिहिणारा स्टोरेज डीमन ४ जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवर, बाकी सगळीकडे नुसता क्लायंट. खर्च झाला तो दोन हार्ड डिस्कचा. जेंटू घेतलं तेही काटकसरीपोटीच. ज्या मशीनला जेवढं लागतं तेवढंच कंपाइल करायचं.

गेल्या महिन्यात वीज गेली, यूपीएस उतरला, आणि मशीन परत चालू झाल्यावर डायरेक्टर उठलाच नाही. मला पत्ता नाही. सकाळचा मेल येईना, पण तो मेल पाठवणारा डायरेक्टरच! पाचव्या दिवशी अकाउंट्सच्या ताईंनी विचारलं, "कालची लेजरची फाइल परत काढून द्याल का? माझ्याकडून उडाली." बीकन्सोल, म्हणजे डायरेक्टरशी बोलायचा कन्सोल, उघडला तर डायरेक्टरच्या ९१०१ पोर्टवर कोणीच नाही. डायरेक्टरची बायनरीच, म्हणजे प्रोग्रॅमची फाइलच, मशीनवरून गायब.

दोन तास मी बॅक्युलावरच चिडलो होतो. मग जेंटूचे यूज फ्लॅग, म्हणजे कंपाइल करताना काय हवं-नको ते सांगणारे स्विच, पाहिले. तिथे डायरेक्टर हवा की नको हे ठरवणाऱ्या फ्लॅगचं नाव आहे 'बॅक्युला-नोडिर' आणि स्टोरेजसाठी 'बॅक्युला-नोएसडी'. म्हणजे डायरेक्टर नको असेल तर फ्लॅग चालू करायचा आणि हवा असेल तर बंद. हे फ्लॅग पॅकेज-डॉट-यूज फाइलमध्ये लिहायचे, उणे म्हणजे बंद. मुख्य मशीनच्या त्या फाइलमध्ये मी 'उणे बॅक्युला-नोडिर' असं लिहून ठेवलं होतं, ते बरोबर होतं. अपडेटच्या आधी फाइल नीटनेटकी करताना त्या ओळीवर नजर गेली. डायरेक्टरच्या नावामागे उणे कशाला, असं वाटलं आणि ते मी पुसलं. कंपाइल झालं, नव्या बिल्डमध्ये डायरेक्टर नव्हता. जुना डायरेक्टर मेमरीत चालू होता, म्हणून वीज जाईपर्यंत सगळं ठाकठीक दिसत राहिलं. कंपाइलच्या आधीच्या यादीत बदललेल्या फ्लॅगपुढे तारा (*) येतो, तोही मी पाहिला नाही. चूक माझीच. पण 'नको'च्या मागे 'उणे' लावून 'हवं' लिहायला लावणारं नाव रात्री अकरा वाजता कोणालाही चकवेल, असं मला मनापासून वाटतं.

बॅक्युलाबद्दलचं मत मात्र बदलावं लागलं. बॅक्युलाच्या मूळ सोर्सच्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये पर्याय सरळ आहेत: डायरेक्टरसाठी 'एनेबल-बिल्ड-डिर्ड', स्टोरेजसाठी 'एनेबल-बिल्ड-स्टोअर्ड'. दोन्ही मुळातच चालू, नको असेल तर डिसेबल करा. जेंटूच्या बाजूनेही विचार केला. यूज फ्लॅग मुळातच चालू ठेवायची सोय ईएपीआय १ मध्ये (जेंटूच्या पॅकेज-नियमांची एक आवृत्ती), म्हणजे २००७ साली आली. त्याआधी न सांगता डायरेक्टर मिळायला हवा असेल, तर 'नो' लावलेलं नाव हाच सोपा मार्ग होता. आता ती अडचण उरलेली नाही. बॅक्युलातूनच फुटून निघालेल्या बॅरिऑसच्या जेंटू पॅकेजमध्ये 'डायरेक्टर' आणि 'स्टोरेज-डीमन' अशी नावं आहेत, मुळातच चालू. इथेही तीच हवीत. 'बॅक्युला-क्लायंटओन्ली'वर माझा आक्षेप नाही, ते वाचताक्षणी कळतं.

बाकी फ्लॅगांचा त्रास नाही. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट यांतला एक डेटाबेस निवडायचा, झालं.

उणे परत लावलं, कंपाइल केलं. कॅटलॉग, म्हणजे बॅकअप घेतलेल्या फाइलींची नोंद, पोस्टग्रेसमध्ये शाबूत होता. बीकन्सोलमध्ये रिस्टोअर, फोल्डरमध्ये जाऊन मार्क, मग डन; चहा यायच्या आत लेजरची फाइल ताईंच्या मशीनवर हजर. पण ती वीज जायच्या आदल्या रात्रीची. पुढच्या चार दिवसांची व्हाउचरं ताईंनी पुन्हा हाताने भरली, मी शेजारी बसून एकेक वाचून दाखवली. साडेसात वाजले.

सॉफ्टवेअर बदलणार नाही. डायरेक्टर जिवंत आहे का ते आता स्टोरेजचं मशीन दर तासाला तपासतं आणि स्वतः मेल करतं. पॅकेज-डॉट-यूजमध्ये त्या ओळीच्या वर मराठीत लिहून ठेवलंय: "हे उणे पुसू नका, डायरेक्टर जाईल."