फोल्जर ग्रंथालयाची इंग्रजी हस्तलिखिते : नाशिकच्या एका मोडी वाचकाचा अभिप्राय

वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील इंग्रजी हस्तलिखिते ज्या रीतीने इंटरनेटवर वाचकांसमोर ठेवली आहेत, ती रीत मोडी वाचणाऱ्या प्रत्येकाने मुद्दाम अभ्यासावी, असे माझे मत आहे. नाशिकमध्ये माझ्यासोबत मोडी शिकलेली काही मंडळी आणि मी हा संग्रह बरेच दिवस वाचत आहोत. आमच्यापैकी कोणीही इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक नाही. जुने हस्ताक्षर उलगडण्याची आवड एवढेच आमचे भांडवल आहे आणि हा अभिप्रायही त्याच बाजूने लिहिलेला आहे.

हेन्री क्ले फोल्जर आणि एमिली जॉर्डन फोल्जर या दांपत्याने आयुष्यभर जमवलेल्या ग्रंथांसाठी उभारलेले हे ग्रंथालय १९३२ साली खुले झाले. शेक्सपिअरच्या पहिल्या फोलिओच्या, म्हणजे १६२३ साली छापलेल्या त्याच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहाच्या, ८२ प्रती तिथे आहेत आणि सामान्यतः त्यांचीच चर्चा होते. परंतु त्याच इमारतीत सुमारे ६० हजार हस्तलिखितेही आहेत. त्यांत घराण्यांचे पत्रव्यवहार, जमाखर्चाच्या वह्या, कवितांच्या नकला, औषधांचे आणि स्वयंपाकाचे पाठ (म्हणजे कृती) असे बरेच काही आहे. त्यांपैकी ज्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत, ती पाहण्यासाठी शुल्क लागत नाही. छायाचित्रे इतकी स्पष्ट आहेत की मोठी करून पाहिल्यास कागदाच्या घड्या, मोहरेच्या लाखेचे डाग आणि मागच्या पानावरून फुटून आलेली शाईसुद्धा दिसते.

ही फुटलेली शाई नीट पाहण्यासारखी आहे. त्या काळातील इंग्रजी शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांपासून तयार होत असे. ती लिहिताना फिकी असते, हवेत काळी पडते आणि काळाच्या ओघात कागदच खाऊ लागते. आपल्या मोडी कागदांवरील काजळाची शाई कागदाला असा अपाय करत नाही, त्यामुळे आपले कागद वाळवीने आणि ओलीने गेले, तर तिकडची काही पाने स्वतःच्या अक्षरांनीच झिजली आहेत. लेखणीही वेगळी होती. तिकडे हंसाच्या पिसाची लेखणी आणि इकडे बोरू, हा फरक अक्षराच्या वळणात लगेच जाणवतो.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी इंग्लंडमध्ये रोजच्या लिखाणासाठी ‘सेक्रेटरी हँड’ नावाचे जलद वळण वापरले जात असे आणि आजचा इंग्रजी वाचक ते पान पाहून जवळजवळ निरक्षर ठरतो. त्यातील ई हे अक्षर उलटे फिरवलेले असते, एचचा फाटा ओळीच्या खाली उतरतो, सी आजच्या आरसारखा दिसतो आणि लांब एस पाहून एफचा भास होतो. यू आणि व्ही, तसेच आय आणि जे यांत आजच्यासारखा भेद पाळलेला नसतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद नसतो, हे ठाऊक असलेल्या वाचकाला याचे फारसे भय वाटत नाही. संक्षेपांचेही तेच. आपल्याकडे ‘राजश्री’साठी ‘रा॥’ येते, तसे तिकडे ‘विच’ (which) हा शब्द डब्ल्यू लिहून त्याच्या वर बारीक सी-एच काढून संपवतात, आणि पी या अक्षराच्या खालच्या दांड्याला आडवी रेघ मारली की त्याचे ‘पर’ किंवा ‘पार’ होते. शब्दांमध्ये जागा सोडलेली असते, ही मोडीच्या मानाने मोठीच सोय आहे.

हे वळण शिकण्यासाठी या ग्रंथालयाच्या ‘अर्ली मॉडर्न मॅन्युस्क्रिप्ट्स ऑनलाइन’ या प्रकल्पातून झालेले काम मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यात एकाच पानाचे लिप्यंतर तीन पातळ्यांवर केलेले आहे. पहिल्या पातळीवर मूळ लेखन संक्षेपांसह जसेच्या तसे ठेवले जाते, दुसऱ्या पातळीवर संक्षेप सोडवले जातात आणि भरलेली अक्षरे वेगळ्या ठशात दाखवली जातात, तर तिसऱ्या पातळीवर शुद्धलेखन आजच्या वाचकासाठी सारखे करून घेतले जाते. यामुळे मूळ लेखकाने काय लिहिले आणि लिप्यंतरकाराने काय घातले, याची सरमिसळ होत नाही. आपल्याकडे मोडी कागद देवनागरीत छापताना ही शिस्त नेहमीच पाळली जाते असे नाही. लिप्यंतरकार भाषा सुधारत जातो आणि वाचकाला त्याचा पत्ता लागत नाही. पंचवटीतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या यात्रेकरूंची नावे आणि गावे आहेत. तिथे गावाचे नाव ज्या रूपात लिहिले गेले, ते रूप हाच पुरावा असतो आणि ते ‘शुद्ध’ केले की पुरावा नष्ट होतो. अशा वह्यांसाठी हीच तीन पातळ्यांची पद्धत स्वीकारावी, असे मला फार मनापासून वाटते.

प्रत्यक्ष वाचनात आम्हाला सर्वाधिक आनंद जॉन डनच्या पत्राने दिला. एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा चिटणीस असलेल्या या कवीने अॅन मोअर हिच्याशी गुपचूप लग्न केले आणि ती गोष्ट सासऱ्याला, म्हणजे सर जॉर्ज मोअर यांना, पत्राने कळवली. परिणामी नोकरी गेली आणि काही काळ तुरुंगवासही भोगावा लागला. पत्रावर २ फेब्रुवारी १६०१ अशी तारीख आहे, पण आजच्या गणनेने ते साल १६०२ होते, कारण तेव्हा इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे आणि ही रीत १७५२ पर्यंत चालू होती. मोडी कागदांतील, मृगाच्या सुमारास बदलणाऱ्या शुहूर सन या कालगणनेमुळे ज्यांनी जंत्री उघडली आहे, त्यांना ही अडचण नवी नाही. डनचे अक्षर इटालिक, म्हणजे आजच्या इंग्रजी अक्षराच्या जवळच्या, वळणाचे असल्याने नवशिक्याला तुलनेने लवकर साधते.

याउलट हिशेबाची पाने सोपी वाटतात, पण फसवतात. आकडे रोमन अक्षरांत असतात, शेवटच्या आयऐवजी जे काढतात आणि चारच्या डोक्यावर विसाची खूण दिली की ते ऐंशी होतात. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड ध्यानात ठेवून बेरीज तपासली, तरच वाचन बरोबर झाले की नाही ते कळते.

स्त्रियांनी लिहिलेल्या किंवा जपलेल्या पाठांच्या वह्या हे या संग्रहाचे आणखी एक बलस्थान आहे. साधारण १६६६ च्या रिबेका विंच हिच्या वहीसारख्या वह्यांमध्ये खाण्याचे पदार्थ आणि घरगुती औषधे शेजारी शेजारी आढळतात. नाशिकजवळ गंगापूरला राहिलेल्या, पेशव्यांच्या घराण्यातील गोपिकाबाईंची पत्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना जुन्या कागदांतील स्त्रीचा आवाज किती दुर्मीळ असतो हे सांगायला नको.

मर्यादाही नोंदवायला हव्यात. एकूण संग्रहाच्या मानाने लिप्यंतर झालेला भाग लहान आहे. सूचीची परिभाषा इंग्रजी ग्रंथपालांची असल्याने हवे ते पान गवसण्यासाठी हस्तलिखिताचा क्रमांक ठाऊक असणे सोयीचे ठरते. मोबाइलच्या पडद्यावर हे वाचन करू नये. ओळ आणि तिचे लिप्यंतर एकाच वेळी डोळ्यांसमोर राहत नाही. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी डनची पत्रे प्रथम घ्यावीत, त्यानंतर पाठांच्या वह्या आणि मग घराण्यांचे पत्रव्यवहार वाचावेत. तिसऱ्या पातळीचे लिप्यंतर मात्र स्वतः पान वाचून झाल्यावरच उघडावे. न्यायालयीन दस्तांची घाई नको, कारण १७३३ पर्यंत ते बहुतांशी लॅटिनमध्ये आणि निराळ्याच वळणात लिहिले जात.