सहाव्या पिढीचा लॅपटॉप: मिंट टाकायचं की अकरा चालणारा जुना घ्यायचा?

मामेभावाचा लॅपटॉप परवा खाटेवर उलटा ठेवून उघडला, तर पंख्याच्या जाळीतून कापसाचा बोळाच निघाला. भाव चढेल म्हणून मामानं समोरच्या खोलीत कापूस भरून ठेवलाय आणि त्याच खोलीत हा पोलीस भरतीचा अभ्यास करत बसतो. दात घासायच्या जुन्या ब्रशनं जाळी साफ केली आणि महिनाभर चाललेली घरघर दहा मिनिटांत थांबली. पण त्याचा खरा प्रश्न वेगळाच होता.

"दादा, थे विंडोज धा बंद झालं म्हन्ते. आता हे इकू का ठेवू?"

दारव्हा तालुक्यात आमच्या गावाच्या आसपास हा प्रश्न मला आतापर्यंत पाच-सहा जणांनी विचारलाय. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

बंद काही झालेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेचे फुकट अपडेट येणं थांबलं, एवढंच. मशीन उद्याही सुरू होईल. पण त्यावर बँकेचं काम करणार असाल, तर कुलूप गंजलेलं आहे हे लक्षात ठेवून करा. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला की ती फुकट मिळते. कुणाला आज काहीच ठरवायचं नसेल, तर त्यानं हे करावं आणि निवांत तुरीकडे लक्ष द्यावं.

भावाच्या मशीनमध्ये आय-३ ६००६यू, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. अडतं ते प्रोसेसरवर, कारण इंटेलची अधिकृत यादी जवळपास आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याचा सहाव्या पिढीचा (६००६ मधला पहिला अंक म्हणजे पिढी). म्हणजे रस्ते दोन: आहे त्याच लॅपटॉपमध्ये विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकायची, किंवा आठव्या पिढीचा वापरलेला लॅपटॉप घेऊन त्यावर विंडोज ११ चालवायचं. तिसरा रस्ता तालुक्याच्या ठिकाणी कुणीही दाखवेल, "आणा, जबरदस्तीनं अकरा टाकून देतो." टाकता येतं, खोटं नाही. पण पुढचा मोठा अपडेट येईल की नाही याची हमी कुणी देत नाही, आणि सोबत जे फुकटचं ॲक्टिव्हेटर (विकत न घेता विंडोज चालू करून देणारं सॉफ्टवेअर) येतं ते आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतं. जो चौकीदाराला घरी पाठवा म्हणतो, त्याला मी वाड्यात घेत नाही.

आता पैशाचं. मिंट फुकट आहे, पण फिरत्या डिस्कवर ते टाकून "लिनक्स हळू आहे" म्हणणं म्हणजे बैलाला वैरण न घालता शर्यतीत उतरवणं. आधी एसएसडी बसवा, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क. फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि बारीक फायली शोधताना फरक याहून कितीतरी मोठा असतो. माझ्या जुन्या लॅपटॉपला मी २४० जीबीची बसवली तेव्हा दीड हजाराच्या आत काम झालं होतं. हल्ली मेमरीचे भाव चढलेत, तेव्हा दोन दुकानांत विचारून घ्या. जमलं तर ४ जीबीची रॅम अजून एक. जुनी १ टीबी डिस्क फेकू नका. यूएसबीच्या केसिंगमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) टाकली की फोटो ठेवायला होते. दुसऱ्या रस्त्यावर, म्हणजे वापरलेल्या आठव्या पिढीच्या लॅपटॉपला, मला नागपूरला सीताबर्डीत अठरा ते बावीस हजार सांगितले. भाव कधी नव्हे एवढा पक्का, दुकानदार हजारानंही खाली येईना.

पण पैशावर ठरवू नका, कामावर ठरवा. भावाला मी विचारलं, दिवसभर करतो काय? यूट्यूबवर क्लास बघतो, पीडीएफ वाचतो, भरतीचे फॉर्म भरतो, सराव परीक्षा देतो. हे सगळं ब्राउझरमध्ये होतं, आणि मिंटमध्ये फायरफॉक्स सोबतच येतो. महाडीबीटीचा फॉर्म मी स्वतः मिंटवरून भरलाय, अडला तो सर्व्हरपायी, मिंटपायी नाही. वर्ड-एक्सेलच्या फायली लिबरऑफिस उघडतं. साधा बायोडाटा, हजेरीपट, पाणीपट्टीची यादी, काही अडचण नाही. मात्र एक्सेलमध्ये कुणी मॅक्रो (कामं आपोआप करणाऱ्या सूचना) लिहिलेली असतील, तर त्यांच्या भरवशावर राहू नका.

मिंट कुणी घेऊ नये तेही सांगतो. कृषी केंद्राचा हिशेब टॅलीवर असेल, तर विंडोज. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स कोरल ड्रॉवर करत असाल, तर विंडोज. बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि डिजिटल सहीची डोंगल (पेनड्राइव्हसारखी किल्ली) रोज लागत असेल, तर विंडोज, कारण बहुतेक यंत्रांचं सॉफ्टवेअर आणि ते बसवून देणारा माणूस, दोघंही विंडोजचेच असतात. लिनक्सवर काही डोंगल चालतात हे मला माहीत आहे. पण दारात दहा म्हातारे पेन्शनसाठी बसले असताना ड्रायव्हर शोधायची हौस माझ्यात नाही. प्रिंटरचंही तसंच. माझ्याकडचा एक जुना लेझर प्रिंटर मिंटवर चालवायला मला तीन संध्याकाळी लागल्या, दुसरा केबल लावताच चालला.

मराठी टायपिंगचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवलाय, कारण इथंच लोक फसतात. इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर काळजी नाही: दोन्हीकडे कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, अक्षरं त्याच जागी सापडतात. प्रश्न कृतिदेववाल्यांचा, म्हणजे त्या जुन्या फॉन्टवर टाइपरायटरसारखं टाइप करणाऱ्यांचा. कृतिदेव फॉन्ट मिंटमध्येही बसतो, पण काही अक्षरं काढायला विंडोजवर ऑल्ट दाबून आकडे टाकायची सवय असते, ती युक्ती लिनक्सवर चालत नाही. भावाची धाकटी बहीण मराठी ३० ची (मिनिटाला ३० शब्दांच्या टायपिंग परीक्षेची) तयारी करतेय. तिच्या इन्स्टिट्यूटमध्ये विंडोज आहे, परीक्षाही तशाच मशीनवर. बोटांना जी सवय परीक्षेत लागणार, तीच घरी असावी. तिच्यासाठी मी मिंट सुचवणार नाही.

डेटा. इथं वायफाय म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट आणि रोजचे दीड जीबी. विंडोजला मोकळं सोडलं तर ते अपडेट उतरवत बसतं आणि सकाळी नऊलाच "तुमचा डेटा संपला" असा मेसेज येतो. उपाय सोपा आहे: त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' सुरू करा. मिंट आधी विचारतं, मग उतरवतं. यात मला ते जास्त शहाणं वाटतं. पण मिंटची फाइलच जवळपास ३ जीबी आहे, म्हणजे दोन दिवसांचा पॅक. म्हणून ती मी पेनड्राइव्हवर तयार ठेवलीय, आसपासच्यांनी घेऊन जावी. विंडोज ११ चं आणखी एक: नव्यानं बसवताना ते इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. डिस्क आपोआप कुलूपबंद झाली असेल, तर तिची किल्ली त्याच खात्यात असते. त्यामुळे खातं स्वतःच्या नंबरावर काढा, दुकानदाराच्या नको.

ऊन, धूळ, लाइन यांत फारसा फरक नाही. ६००६यू काय आणि आय-५ ८२५०यू काय, दोन्ही १५ वॅटचेच. नवतपात दोन्ही तापतील, कूलरच्या झोतासमोर ठेवले तर दोन्हीत ओल जाईल. पाटावर ठेवा, गादीवर नको. मृगाचं आभाळ गडगडलं की चार्जर भिंतीतून काढा.

वापरलेला घ्यायचाच ठरला तर स्टिकरवर जाऊ नका, प्रोसेसरचा आकडा वाचा. आय-५ नंतरचा पहिला अंक आठ हवा: ८२५०यू चालेल, ७२००यू नाही. थिंकपॅड टी-४७० आणि टी-४८० शेजारी ठेवले तर बापालाही ओळखू येणार नाहीत. पण पहिल्यात बहुधा सहावी-सातवी पिढी निघते, दुसऱ्यात आठवीही मिळते. दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला लावा आणि मूळ क्षमता व आताची क्षमता शेजारी वाचा. निम्मी असेल तर आमच्याकडच्या लोडशेडिंगमध्ये तो लॅपटॉप म्हणजे वायर लावलेला डबा. मिंटच्या रस्त्यावर अशी पारख फुकटात होते: पेनड्राइव्हवरून, काही न पुसता, मिंट चालवून बघा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंट निघते का. नाही जमलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज होतं तिथंच आहे.

भावासाठी मी मिंट म्हणून मोकळा झालो होतो. तेवढ्यात मामा आतून म्हणाले, "बस स्टँडवर ऑनलाइनचं दुकान टाकाचं हाय न आपल्याले?" ठशाचं यंत्र, आधार, पैसे काढणं, सगळं. म्हणजे पुन्हा विंडोज! अर्धा तास आम्ही त्याच खाटेवर बसून वाद घातला. मी एवढंच विचारलं, परवानगी आली का? नाही. गाळा मिळाला का? बोलणं चालू आहे.

तेव्हा ठरलं असं: आताच्या लॅपटॉपला एसएसडी आणि मिंट, भरतीची परीक्षा होईपर्यंत. दुकानाचा कागद हातात आला की सीताबर्डीला जाऊन आठव्या पिढीचा, आणि तो दुकानातच राहील, घरी यायचा नाही. तसेही त्याचे पैसे समोरच्या खोलीत छतापर्यंत भरून पडलेत. मामीनं लॅपटॉप तिथून उचलून देवघराशेजारच्या फडताळात ठेवला, आणि उदबत्तीची राख उडते म्हणून वर तिचा जुना ब्लाउजपीस झाकलाय.